68 सॅक: बेअर्सची लाइन नेमकी गळत कुठून होती

2024 च्या सीझनला अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्सचा रुकी (पहिल्याच वर्षीचा) क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, केलेब विल्यम्स 68 वेळा सॅक झाला, म्हणजे पास सुटायच्या आत पाडला गेला. 17 मॅच, 68 सॅक, म्हणजे दर मॅचला सरासरी चारदा पोरगा चेंडू हातात घेऊन आडवा. एनएफएलमध्ये एका सीझनला याच्यापेक्षा जास्त मार खाल्लेले दोनच जण आहेत, 2002 चा ह्यूस्टन टेक्सन्सचा डेव्हिड कार (76) आणि 1986 चा फिलाडेल्फिया ईगल्सचा रँडल कनिंगहॅम (72). कारने 2005 ला परत 68 खाल्ले, तो बरोबरीला. आणि विल्यम्स म्हणजे कोण, तर ड्राफ्टमधला (टीम्स नवे खेळाडू निवडतात तो) एक नंबरचा पिक, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइस्मन ट्रॉफी जिंकून आलेला, ज्याच्यासाठी जागा करायला आधीच्या जस्टिन फील्ड्सला पिट्सबर्गला धाडलं.

इथे शिकागोच्या सबर्ब्समध्ये मराठी घरं भरपूर आणि रविवारी दुपारी बेअर्स लावणारेही भरपूर, शिवाय पुण्या-नाशकात रात्री साडेअकराला हीच मॅच लावून सकाळी ऑफिसला झोपाळलेले जाणारे पण आता आहेत. या सगळ्यांचं त्या सीझनचं निदान एकच होतं, लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या कडेचा माणूस) बदला. टीव्हीवर बघितलं तर तसंच वाटतं म्हणा, कारण कडेने धावत येणारा माणूस दिसतो आणि मधली ढकलाढकली कॅमेऱ्यात कळतच नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. गळती मधल्या तिघांमध्ये होती, आणि त्याहीआधी स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) अगोदर जे बोलणं व्हायला लागतं ते होत नव्हतं. लेफ्ट टॅकलचा नंबर फार तर तिसरा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे पाच जण, मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि कडेला टॅकल. चेंडू पकडायचा नाही, सहसा हातातही घ्यायचा नाही, समोरच्याला अडवून धरायचं आणि क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे. कबड्डीतली साखळी आठवा, दोघांनी हात धरलेत आणि एकजण अर्धा सेकंद आधी सुटला की रेडर मधून पार, मग दुसरा कितीही दणकट असो काय उपयोग. लाइनचं अगदी तेच, फक्त इथे हात धरलेले नसतात, सगळं सवयीवर आणि आवाजावर चालतं.

आता 2024 ची साखळी बघा. लेफ्ट टॅकल ब्रॅक्स्टन जोन्स, 2022 चा पाचव्या राउंडचा पिक, सदर्न यूटासारख्या छोट्या कॉलेजातून आलेला, मेहनती. लेफ्ट गार्ड टेव्हन जेनकिन्स, ताकदीने पाचांत भारी पण दर थोड्या दिवसांनी काहीतरी दुखावलेलं. सेंटर कोलमन शेल्टन, त्याच वर्षी रॅम्सकडून आलेला. राइट गार्ड नेट डेव्हिस, 2023 ला टेनेसीहून 3 वर्षांसाठी 3 कोटी डॉलरच्या करारावर आणलेला. राइट टॅकल डार्नेल राइट, 2023 चा दहाव्या नंबरचा पिक, आणि खरं सांगायचं तर या पाचांत ज्याच्याकडे बघून बरं वाटावं असा हाच.

कागदावर हे इतकं वाईट नाहीये. वाईट हे झालं की हे पाच जण एकत्र फारसे खेळलेच नाहीत. डेव्हिस कॅम्पमध्येच दुखापतींमुळे आत-बाहेर, मग सीझन सुरू झाल्यावर बेंचवर, आणि नोव्हेंबरमध्ये टीमनेच त्याला सोडून दिलं. त्याच्या जागी मॅट प्रायर. बफेलोहून ट्रेड करून आणलेला रायन बेट्स सेंटर-गार्ड दोन्ही खेळतो म्हणून आणला होता, तो जखमी. जेनकिन्स मध्येच बाहेर जाणार, त्याच्या जागी मॅचच्या मध्यात दुसरा कोणीतरी येणार. शेल्टन सोडला तर बाकी चारही जागांवर माणसं बदलत राहिली. शेल्टन स्वतः नवीन, क्वार्टरबॅक रुकी, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचे प्ले ठरवणारा कोच) शेन वॉल्ड्रन पण त्याच वर्षी सिएटलहून आलेला. म्हणजे स्नॅपच्या आधी ज्या तिघांनी ठरवायचं की आज कोण कोणाला अडवणार, ते तिघे पहिल्यांदाच एकत्र.

हे ठरवणं म्हणजे काय ते कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून जरा थांबतो. सेंटर चेंडूवर वाकतो, समोर बघतो, आणि बोट दाखवून ओरडतो की मधला लाइनबॅकर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला) म्हणजे माइक हा, 54 नंबर समजा. त्या एका बोटावरून बाकी चौघांना आणि मागे उभ्या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणारा) कळतं की आपला माणूस कोण. डिफेन्सने अडवणाऱ्यांपेक्षा एक जण जास्त पाठवला तर एक माणूस मोकळा येणारच, गणितच आहे, त्याला अडवायचं नसतं, क्वार्टरबॅकने तो ओळखून चेंडू पटकन सोडायचा असतो, त्याला हॉट म्हणतात. म्हणजे सेंटरचं बोट चुकलं किंवा क्वार्टरबॅकला हॉट कोण ते माहीत नसलं, तर पाचही जण आपापलं काम चोख करून पण सॅक होतोच. आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात लाइन बेकार.

दुसऱ्या आठवड्यात ह्यूस्टनला हेच झालं. टेक्सन्सनी ब्लिट्झवर ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर नेहमीपेक्षा जास्त माणसं) पाठवले, 7 सॅक, स्कोअर 19-13. सहा पॉइंटने हरलेली मॅच म्हटल्यावर बाहेरून वाटतं थोडक्यात गेली, पण ती मॅच नीट परत बघा. मोकळा येणारा माणूस वेगवेगळ्या दिशेने येतोय, कधी गार्ड आणि सेंटर दोघे एकाच माणसावर आणि शेजारून दुसरा सरळ आत, कधी रनिंग बॅक चुकीच्या बाजूला बघतोय. एकच माणूस पुन्हा पुन्हा हरत असेल तर ती त्याची कमजोरी, पण दर वेळी वेगळा माणूस वेगळ्या कारणाने हरत असेल तर तो समन्वयाचा घोळ. इतर टीम्सनी ही टेप बघितली नसेल असं तर होणारच नाही.

मग यायला लागले स्टंट. डिफेन्सचा आतला माणूस बाहेरच्या बाजूला घुसून आपल्या टॅकलच्या वाटेत आडवा येतो आणि बाहेरचा एंड त्याच्या पाठीमागून वळसा घालून मध्ये मोकळ्या झालेल्या जागेत शिरतो. यावर उपाय म्हणजे गार्ड आणि टॅकलने माणसं अदलाबदल करायची, तू माझा घे मी तुझा घेतो, आणि हे बोलायला वेळ नसतो, शेजारच्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळावं लागतं. वर्षभर शेजारी उभे राहिलेल्या दोघांना ते जमतं. गेल्या बुधवारी शेजारी आलेल्याला कसं जमणार, सांगा ना.

तरी सुरुवात बरी होती हे विसरून चालणार नाही. सहा मॅचनंतर 4-2. रॅम्सना हरवलं, कॅरोलायनाला 36-10, लंडनमध्ये जॅक्सनव्हिलला 35-16. त्या काळात सगळे खुश, मी पण. पण शेवटच्या दोन टीम्स त्या वर्षी दुबळ्या होत्या आणि लाइनवर दबाव आणण्याइतकं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यानंतर वॉशिंग्टन, ती शेवटच्या सेकंदाची हेल मेरी (देवाचं नाव घेऊन टाकलेला लांब पास), 18-15 ने हरलो. त्या मॅचची चर्चा हेल मेरीवरच संपते पण माझ्या डोक्यात वेगळाच प्ले बसलाय. गोल लाइनपासून एक यार्डावर असताना बॅकअप सेंटर डग क्रेमरला फुलबॅक म्हणून उभा केला आणि चेंडू त्याच्याच हातात द्यायला गेले, फंबल, चेंडू हातातून सुटून वॉशिंग्टनकडे. अरे एक यार्ड हवाय, एक! स्वतःच्या लाइनवर एक यार्ड ढकलून मिळवायचा भरवसा असता तर असली ट्रिक सुचली असती का कोणाला? कोचलाच लाइनवर विश्वास नव्हता हे मला तिथे कळलं.

पुढच्या रविवारी ॲरिझोना, 29-9 ने हार. आणि 10 नोव्हेंबरला सोल्जर फील्डवर न्यू इंग्लंड पॅट्रियट्स, परत हार, 19-3, एकाच मॅचमध्ये 9 सॅक. सलग दोन मॅच एकही टचडाउन नाही. पॅट्रियट्सचा पास रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणं) त्या वर्षी लीगमधल्या सगळ्यात कमजोरांपैकी होता, आणि इथे मात्र जणू सगळ्या सीझनची भूक भागवून गेले. आता यात निष्पक्ष राहायचं तर सांगायलाच हवं की जोन्स आणि राइट, दोन्ही नेहमीचे टॅकल त्या दिवशी बाहेर होते. म्हणून मग परत तेच, टॅकल, टॅकल. पण टॅकल नसताना करायचं काय असतं? टाइट एंडला (टॅकलशेजारी उभा राहणारा, अडवतो आणि पासही पकडतो) कडेला उभा करून येणाऱ्याला एक धक्का द्यायला लावायचा, रनिंग बॅकला त्या बाजूला ठेवायचं, तीन पावलांत चेंडू सुटेल असे पास लावायचे, स्क्रीन (जवळच्या जवळ छोटे पास) टाकायचे, रन करायचं. यातलं जे दिसलं ते फार कमी आणि फार उशिरा. लांब रूट, खोल ड्रॉप, आणि मागे उभा एक रुकी. दोन दिवसांनी वॉल्ड्रनला काढलं.

शिकागोच्या जुन्या लोकांना हा 9 आकडा नवा नाही. 2010 ला जायंट्सविरुद्ध जे कटलर पहिल्या हाफमध्येच 9 वेळा सॅक झाला आणि डोक्याला मार लागून बाहेर गेला. 2021 ला क्लीव्हलंडमध्ये फील्ड्सची पहिलीच स्टार्ट, 9 सॅक, टीमचे मिळून 47 यार्ड. मग 2024. तीन क्वार्टरबॅक, तीन वेगळे हेड कोच, तिन्ही वेळेस लाइनमधली माणसं पण पूर्ण वेगळी. मग ही फक्त माणसांची गोष्ट कशी असेल? प्रत्येक वेळी आधी क्वार्टरबॅक आणायचा, मग रिसीव्हर (पास पकडणारा), आणि लाइनला जे उरेल ते. 2024 च्या ड्राफ्टमध्ये पण पहिल्या दहात दोन पिक होते, विल्यम्स आणि नवव्या नंबरवर रिसीव्हर रोम ओडुन्झे. लाइनसाठी तिसऱ्या राउंडला येलचा किरन अमेगाजी, तोही दुखापतीतून सावरत असलेला. आणि गंमत म्हणजे जनरल मॅनेजर रायन पोल्स स्वतः बोस्टन कॉलेजचा ऑफेन्सिव्ह लाइनमन. त्याला तरी कळायला हवं होतं राव.

याउलट 1985 च्या टीमची लाइन विचारा, कोणताही साठीतला शिकागोकर एका दमात सांगतो, कव्हर्ट, बोर्ट्झ, हिल्गनबर्ग, थेयर, व्हॅन हॉर्न. एका क्रमाने पाठ, कारण ते वर्षानुवर्षं त्याच क्रमाने उभे राहिले. सगळे काही एक नंबरचे पिक नव्हते, सेंटर हिल्गनबर्गला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता. 2024 चे पाच सांगा म्हटलं तर आधी विचारावं लागतं, कुठल्या आठवड्याचे?

वॉल्ड्रन गेल्यावर थॉमस ब्राउन आला आणि इथे माझा मुद्दा पहिल्यांदा तपासता येतो. लगेच पुढची मॅच पॅकर्सशी, चेंडू भराभर सुटायला लागला, केलेब मोकळा वाटला, 20-19 ने हरलो तेही शेवटची फील्ड गोलची किक ब्लॉक झाल्यामुळे. मग व्हायकिंग्सशी ओव्हरटाइमपर्यंत, 30-27 ने हार. एका आठवड्यात कोणी गार्ड सुधारत नाही, सुधारलं ते ठरवणं. पण ते फार टिकलं नाही. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये 23-20 ने हरलो, शेवटच्या अर्ध्या मिनिटात सॅक झाला, हातात टाइमआउट असून तो घेतला नाही, घड्याळ पळत राहिलं आणि सगळे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी हेड कोच मॅट एबरफ्लूसला काढलं, सीझनच्या मध्यात हेड कोच काढायची बेअर्सच्या इतिहासातली पहिली वेळ. ब्राउन तीन आठवड्यांच्या आत पासिंग गेम कोऑर्डिनेटरचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आणि मग हंगामी हेड कोच झाला, आता तो बिचारा प्रोटेक्शन बघणार की सगळी टीम. सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या हाफला एकूण 4 यार्ड. चार. टीव्हीवर आकडा चुकलाय वाटलं. 26 डिसेंबरला सिएटलशी 6-3 ने हार, परत 7 सॅक.

यात केलेबची बाजू काढायला हवी, कारण सगळं लाइनवर ढकलणं हा पण अन्यायच. त्याला प्ले मरू द्यायचा नसतो, कॉलेजात गोल फिरून पळून टचडाउन काढायची सवय, इथे पळणारे त्याच्याएवढेच फास्ट. शिवाय तो मागे मागे सरकत जातो. टॅकल जो अँगल धरून उभा असतो तो क्वार्टरबॅक सात-आठ यार्डावर असेल या हिशोबाने, म्हणजे कडेने येणाऱ्याला त्याच्या मागून लांब वळवून न्यायचं. क्वार्टरबॅक अकरा यार्डावर जाऊन उभा राहिला की तोच वळवून नेलेला माणूस बरोब्बर त्याच्या मांडीवर. जोन्सच्या नावावर लोकांनी खपवलेल्या सॅकपैकी बऱ्याच अशा आहेत. पण याची दुसरी बाजू पण घ्या, अख्ख्या सीझनमध्ये त्याचे इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास) फक्त 6, रुकी म्हणून सलग 353 पास इंटरसेप्शनशिवाय टाकायचा रेकॉर्ड. घाबरून चेंडू कुठेही भिरकावण्यापेक्षा तो सॅक खात होता. 3,541 यार्ड आणि 20 टचडाउन या अवस्थेत काढणं हलकं नाही. आणि तो मागे का सरकायचा? मध्यातून प्रेशर आलं की पुढे पाऊल टाकायला जागाच उरत नाही. कडेने आलेल्याला क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकून चुकवू शकतो, समोरून छातीवर आलेल्याला कसा चुकवणार. म्हणून म्हणतो मधले तीन आधी.

सीझन 5-12 वर संपला, ओळीने दहा हरून शेवटी ग्रीन बेमध्ये 24-22 ने जिंकलो. मग डेट्रॉइटचा बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आला, आणि मार्च 2025 मध्ये जे झालं ते बघून मला फार बरं वाटलं. कॅन्सस सिटीहून लेफ्ट गार्ड जो थुनी, चार सुपर बोल रिंग असलेला, ट्रेडमध्ये फक्त चौथ्या राउंडचा पिक देऊन. रॅम्सकडून राइट गार्ड जोना जॅक्सन, जो डेट्रॉइटला जॉन्सनच्याच ऑफेन्समध्ये खेळलेला. अटलांटाहून सेंटर ड्र्यू डालमन, 3 वर्षं 4 कोटी 20 लाख डॉलर. म्हणजे मधले तीनच्या तीन बदलले, कडेचे दोघे ठेवले. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राउंडला बोस्टन कॉलेजचा ऑझी ट्रापिलो घेतला खरा, पण मोठा पैसा मध्येच ओतला.

आणि 2025 च्या सीझनने हिशोब दाखवला. लेफ्ट टॅकलला तेव्हाही स्थिरता नव्हतीच, जोन्सने सुरुवात केली, मग थिओ बेनेडेट, मग ट्रापिलो. लेफ्ट टॅकल हाच रोग असता तर सॅक तेवढेच राहायला हवे होते. 68 वरून 24 वर आले. टीम 11-6, आपली डिव्हिजन म्हणजे एनएफसी नॉर्थ जिंकली. बाजूला थुनी उभा असला की नवखा टॅकल पण निम्मा शहाणा होतो, स्टंट कधी सोडायचा ते शेजारचाच सांगतो.

पण सगळं श्रेय त्या तिघांना दिलं तर मी पण टॅकल-टॅकल करणाऱ्यांसारखाच होईन. केलेब चेंडू बाहेर फेकून द्यायला शिकला, त्याची कम्प्लीशनची (पकडल्या गेलेल्या पासची) टक्केवारी 2024 पेक्षा खाली आली ती काही अंशी त्यामुळेच, म्हणजे जे आधी सॅक होते त्यातले बरेच आता नुसते इनकम्प्लीट झाले. जॉन्सनने त्याला सेंटरच्या मागेच उभा करून प्ले-ॲक्शन (रन दाखवून पास) जास्त खेळवलं, त्यामुळे समोरच्यांना रन आहे की पास हे कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ लाइनला मिळतो. रन चालायला लागलं तसं डिफेन्सला नुसतं क्वार्टरबॅकच्या मागे धावता येईना. मी तरी मोठा वाटा त्या तिघांना देईन, त्यानंतर कोचला, उरलेला केलेबला, आणि यावर भांडायला केव्हाही तयार आहे.

एक गोष्ट मात्र आत्ताच खटकते. थुनी 1992 चा आहे, गार्ड म्हणून कितीही टिकाऊ असला तरी तेहतीस उलटलेला माणूस. 2011 मध्ये जुना सेंटर ओलिन क्रूट्झला जाऊ दिलं तेव्हा त्याच्या मागे तयार सेंटर ठेवलाच नव्हता आणि गार्ड रॉबर्टो गार्झाला त्या जागी सरकवावं लागलं. लेफ्ट गार्डचा वारस पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्या दोन दिवसांत घ्यायला हवा आणि वर्षभर थुनीच्या शेजारी सरावाला उभा करायला हवा, रिसीव्हर कितीही चमकदार दिसत असला तरी.